तळचं शीत

उत्तर न दिलेलं ते पत्र मी शब्दकोशाखाली दडपून ठेवलं होतं. ‘आपली निवड झाली आहे,’ ही त्याची पहिलीच ओळ. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्याची निवड कोण करणार, आणि कशासाठी? पुढचं वाचलंच नाही. म्हटलं, डोळ्यांआड केलं की टळेल.

टळलं नाही. एका दुपारी दार वाजलं. समोर पन्नाशी उलटलेल्या एक बाई. खांद्याला पिशवी, आणि पिशवीत काहीतरी चाचपडणारा हात.

“पेन्सिल केसांत आहे तुमच्या,” मी बोलून गेलो. अनोळखी बाईशी आपणहून बोलायची ही माझी पहिलीच वेळ असावी.

त्या हसल्या. “चष्मा कपाळावर, पेन्सिल केसांत. आमच्या ऑफिसात सगळे असेच. एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांची पाहणी आहे आमची. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून मी आले.”

“शेजारच्या वहिनींना विचारा ना. त्याही एकट्याच असतात, आणि बोलायची फार हौस आहे त्यांना.”

“म्हणूनच त्या नकोत!” त्या दारातच म्हणाल्या. “शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना? पण नुसतं वरचंच शीत चेपलं, तर तळचा भात कच्चा राहिलाय हे कळतं का? आधी ढवळावं लागतं. नावं आम्ही सोडतीनं काढतो, आणि ज्याचं नाव निघालं, त्याच्याऐवजी दुसरा चालत नाही. या पाहणीवरून घरी येणाऱ्या नर्स कुठल्या भागाला द्यायच्या ते ठरणार आहे. हौशी लोकांनीच उत्तरं दिली, तर कागदावर सगळं आलबेल. मग नर्स कशाला पाठवतील?”

मला एवढंच सुचलं, “उद्या येता?”

आणि संध्याकाळी मी बाजारातून दुसरा कप आणला. घरात एकच होता. एकच कप त्यांना दिसला असता तर… छे!

दुसऱ्या दिवशी त्या समोर बसल्या. पंखा करकरत होता.

“गेल्या महिन्यात घरी कोण कोण आलं?”

“येतात की… मित्र वगैरे. परवाच येऊन गेले.”

“रात्री तब्येत बिघडली, तर कोणाला बोलवाल?”

“भाचा आहे.” भाचा परदेशात. त्याचा फोन येऊनही वर्ष झालं असेल.

त्या लिहीत होत्या. चेहरा कोरा.

“तुम्ही मान का डोलावत नाही हो?” मला राहवेना. “चूक की बरोबर, काहीच कळत नाही.”

“डोलावली, तर मला आवडेल तेच सांगाल तुम्ही.”

“ते तर मी तसंही…” मी जीभ चावली.

पेन्सिल थांबली. क्षणभरच. मग त्या वहीत अगदी वाकून लिहू लागल्या. पण कान लाल झालेले मला दिसले.

चहा झाल्यावर त्यांनी कप उचलून सिंकपाशी नेला, उलटा केला आणि म्हणाल्या, “तळाला दुकानाची चिठ्ठी आहे अजून. काढून टाका.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

निघताना त्यांनी एक पत्ता छापलेलं कार्ड माझ्या हाती दिलं. “मुलाखत खरंच झाली का, उत्तरांत काही दुरुस्ती आहे का, एवढंच लिहून पेटीत टाकायचं. साहेब तपासतात, मग दुरुस्ती करायला मलाच देतात.”

“मग तुम्ही… पुन्हा याल?”

“कामासाठी नाही. आणि हे कार्ड पोचेपर्यंत दुसऱ्या कशासाठीही नाही. उत्तरं चालू असताना ओळख वाढवायची नाही, असा नियमच आहे आमचा. कार्ड पोचलं, की तुम्ही पाहणीतून सुटलात.” चपला घालता घालता त्या थांबल्या. “त्यानंतर मी कोणाकडे चहाला जाते, ते माझं मी बघीन.”

“आणि दुरुस्ती नसली तर?”

“तरी येईन. फक्त कोणाकडे येतेय, ते मला कळणार नाही.”

त्या गेल्या. कार्ड टेबलावर पडून राहिलं. कोरं पाठवलं तर खोटा मी ठरतो. खरं लिहिलं तर एकटा मी उघडा पडतो. ज्याच्याकडे कोणी म्हणजे कोणी येत नाही, त्याच्याकडे कोणी का यावं? आणि पाठवलंच नाही, तर त्यांचीही वाट बंद. रोज पेन उघडायचो, रोज मिटायचो. वहिनींनी एकदा गॅलरीतून विचारलंसुद्धा, “काय हो, परीक्षा आहे की काय?”

“आहे,” मी म्हणालो. “शिताची.”

मग एका सकाळी दुसऱ्यांच्या चुका काढायच्या जुन्या सवयीनं मी माझीच उत्तरं खोडायला बसलो. कार्डावर आधी प्रश्न उतरवला, ‘महिन्याभरात घरी कोण आलं?’ पुढे लिहिलं: कोणीही नाही. ‘रात्री कोणाला बोलवाल?’ खूप वेळ पेन तसंच धरून बसलो. ‘पाहणीच्या बाईंना’ असं लिहावंसं फार वाटलं. पण ते उत्तर नव्हतं, इच्छा होती. लिहिलं: अजून कोणी नाही. आणि खाली, उरलेल्या जागेत: कपाची चिठ्ठी काढली. कप दोन्ही धुऊन ठेवले आहेत.

कोपऱ्यावरच्या पेटीशी थबकलो. कार्ड अर्धं आत, अर्धं बाहेर… मागून कोणी खाकरलं. “टाकताय ना आजोबा?”

टाकलं.