अर्धी टिकली

आमच्या नातीचं, श्रेयाचं जावळ काढलं ते २०२१ साल. त्याच उन्हाळ्यात माझी सून तनुजा हिनं मोबाईलवरचं काम सुरू केलं.

मुकुंदवाडीत आमच्या दोन खोल्या, भाड्याच्या. गंगापूरकडची शेती भावाकडं सोपवून मी आणि माझी बायको साळूबाई मुलाकडं, शिवराजकडं राहायला आलो होतो. तनुजाचं काम समजायला मला वेळ लागला. तिच्याकडं दुकान नाही, माल नाही. एखादी किसणी, एखादा तवा ती स्वतःच्या पैशानं मागवायची, घरात वापरून बघायची आणि मग त्याचा व्हिडिओ टाकायची. खाली लिंक असायची. ती दाबून कुणी वस्तू घेतली की तनुजाला कमिशन. माल कुठल्याशा गोदामातून थेट गिऱ्हाइकाच्या दारात जायचा. तनुजाचा त्याला हातही लागायचा नाही.

शेजारच्या मनकर्णाबाई म्हणायच्या, "लई बेस धंदा गं. ना तोलायचं, ना मापायचं."

"खोटं बोललं की बंद पडतो, मावशी. जीभ तेवढी तोलावी लागते," तनुजा म्हणायची.

आणि तशीच वागायची. किसणीनं बोट कापतं हे आधी सांगायची, मग ती चांगली का ते. मी जन्मभर आठवडी बाजार बघितले. मालाची खोट आधी दाखवणारं माणूस मला घरातच भेटलं.

व्हिडिओत चेहरा नसायचा. फक्त हात, तेही साळूबाईचे, मनगटावर गोंदलेले. नवी वस्तू आली की हळदी-कुंकवाचं बोट लावल्याशिवाय साळूबाई ती वापरायला घेत नसे. करंगळीशेजारच्या बोटाचं अर्धं पेर तिनं कडबाकुट्टीच्या यंत्रात गमावलं होतं. म्हणून तिची टिकली गोल उठायची नाही. एका बाजूनं तिरकी कापल्यासारखी दिसायची.

काही वस्तूंना ती बोटच लावायची नाही.

"ह्याला का नाही, आत्याबाई?"

"जी वापरात यायची नाय, तिला कशाला?"

ती वस्तू खरंच बिघडायची किंवा फळीवर पडून राहायची. तनुजा तिची लिंक द्यायची नाही.

पुढं साळूबाई गेली. दुपारी छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस घातले आणि महिन्याभरात शिवराजची चितेगावच्या कंपनीतली नोकरी सुटली. आता घर तनुजाच्या कमिशनवर होतं. तिनं स्वतःचे हात दाखवायला सुरुवात केली, पण लिंक कुणी दाबेना. दोन खोल्या सोडून गावी परतायचं बोलणं निघालं.

अशात एक तवा आला. खोक्याची चिकटपट्टी मीच कापली. आत प्लास्टिक, त्याच्या आत तवा. तव्याच्या मुठीवर हळदी-कुंकू होतं.

"मामा, तुम्ही लावलं?"

"खोकं तर आत्ता फोडलं."

तनुजानं बोट टेकवलं. कुंकू ओलं होतं. टिकली एका बाजूनं तिरकी होती.

 तिनं त्या तव्यावर धपाटी केली, व्हिडिओ टाकला.

मला अक्षरं पन्नाशीनंतर आली. मी एकेक शब्द धरून वाचतो. लोकांनी खाली लिहिलेलं तनुजाला वाचून दाखवणं हे माझं काम. बिडकीनच्या एका बाईनं लिहिलं होतं, "ताई, खोक्यातली टिकली बघून डोळे भरून आले. माहेरचं वाटलं." मग लातूरहून एकीनं लिहिलं. मग भंडाऱ्याहून. काहींनी फोटो लावले. वस्तू वेगवेगळ्या, गोदामं वेगवेगळी. टिकली तीच, तिरकी.

तनुजानं प्रत्येकीला उत्तर दिलं. "ती मी लावत नाही. माल माझ्याकडून येत नाही." लोकांना तो तिचा मोठेपणा वाटला. लिंक दाबणारे वाढत गेले. भाडं वेळेवर जाऊ लागलं.

मनकर्णाबाईंनी तोच तवा लिंकवरून न घेता परस्पर मागवला. "आमच्या तव्याला काय नाय बाई," म्हणत आतबाहेर फिरवून दाखवला. कोरा होता.

थंडीत पाणी तापवायचा एक रॉड आला. कंपनी दुप्पट कमिशन देणार होती. खोकं उघडलं. रॉडवर काहीच नव्हतं.

शिवराज चिडला. "आई बोट लावंना म्हणून आपण उपाशी राहायचं व्हय?"

"लिंक माझ्या नावाची आहे," तनुजा म्हणाली. तिनं रॉड परत पाठवला. पुढं कंपनीनंच तो विक्रीतून काढला. का, ते कळलं नाही. शिवराजनं पुन्हा तो विषय काढला नाही. मला त्या पोरीचा अभिमान वाटला, अजून वाटतो.

श्रेया शाळेत जाऊ लागली. घरात जे येई त्यावर टिकली असे. तिच्या डब्यावर, दप्तराच्या बकलावर, माझ्या चष्म्याच्या डबीवर. आम्हाला त्याची सवय झाली.

गेल्या आठवड्यात माझा पाय घसरला. तनुजानं माझ्यासाठी काठी मागवली.

आज ती आली. मी खोकं उघडलं. काठी कोरी होती.

तनुजानं काठी उजेडात धरली, उलटी केली, मूठ पुसून बघितली. जमिनीवर जोर देऊन बघितली.

"मजबूत आहे, मामा. कसलीच खोट नाही."

"नसणारच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि काठी पुन्हा खोक्यात ठेवली. 

मी हे लिहायला बसलो.

*

मामांची वही होती तशी ठेवली आहे. आत्याबाई, साळूबाई, ११ जून २०२३ रोजी गेल्या. मामा, कारभारी, १८ जानेवारी २०२५ रोजी गेले, वहीतल्या शेवटच्या ओळीच्या दुसऱ्या दिवशी. काठी कोरीच आहे. त्यांना अंघोळ घालताना कपाळावर टिकली दिसली. ती आमच्यापैकी कुणी लावली नव्हती.

— तनुजा