कॅमेरामन डी. पाटील

"पप्पा, कॅमेरामन डी. पाटील कोण हो?"

भाकरी मोडता मोडता भूमिकाने विचारून टाकलंच! शाळेत खुशनुमाने पैज लावली होती ना... "तुझ्या पप्पांच्या जुन्या बातम्या मोबाईलवर बघितल्या आम्ही. प्रत्येकीच्या शेवटी, 'कॅमेरामन डी. पाटीलसह मोतीलाल पाटील, धुळे!' पण हा माणूस पाहिलाय कुणी? हिंमत असेल तर विचार!"

उद्या जळगावला पप्पांचा सत्कार होता. टीव्हीच्या बातमीदारीत तीस वर्षं झाली म्हणून. भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडणारे पप्पा आज मात्र वरणाच्या वाटीत बघत राहिले, आणि भाकरी थापणारा आईचा हात परातीतच थबकला...

डी. म्हणजे दिपमाला... म्हणजे आईच!

भूमिकाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईचा तो सदा दुखणारा उजवा खांदा... साक्रीच्या पुराचा विषय निघाला की "कमरेएवढं पाणी होतं गं" असं तिच्या तोंडून निसटणं...

"आई, तू होतीस?"

"जाऊ दे ना माय," आई पुटपुटली, "बठ्ठं जुनं शे ते, सगळं जुनं."

"आबा भुसावळला रोज बातम्या बघायचे," पप्पा कसंबसं म्हणाले. "सून पुरुषांच्या गर्दीत कॅमेरा घेऊन फिरते हे कळलं असतं, तर तिला उंबरा ओलांडू दिला नसता त्यांनी. मग तू झालीस, आणि तिने कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच..."

"आबांना जाऊन किती वर्षं झाली, पप्पा! त्यानंतर खरं सांगायला कुणाची भीती होती?"

बोलून गेली खरी. पण नजर खाली? छे, मुळीच नाही!

पप्पांनी ताट सरकवलं. उठले, चुलीपुढे बसलेल्या आईसमोर उकिडवे बसले. तो टीव्हीवरचा खणखणीत आवाज पार चिरकला होता... "कॅमेऱ्यावर दिपमाला पाटील... यांच्यासह मी..." आईने पिठाच्या हातानेच त्यांचा हात धरला, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं!

भूमिकाने डोळे पुसले, कपाट उघडलं आणि तो धुळकट कॅमेरा खांद्यावर घेतला. बाप रे, केवढा जड!

"ऐका दोघं! उद्या स्टेजवर आधी आईचं नाव, मग पप्पांचं. नाहीतर मी माईक हिसकावून घेईन! आणि दहावी झाली की मी कॅमेराच शिकणार. विचारत नाहीये, सांगतेय. माझ्या पहिल्या बातमीला नाव लागेल ते भूमिका दिपमाला मोतीलाल पाटील... अख्खं!"