सड्यावरची हाक

आमच्या विमान उडवायच्या क्लबाची सगळी विमानं एकाच जातीची होती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, दोन मजली पंख, मागंपुढं दोन उघडी आसनं. पंख मिटले की गाडीच्या छपराखाली मावेल एवढं लहान. मुंबईच्या हौशी मंडळींना ते खेळणंच वाटायचं. त्यांची देखभाल माझ्याकडं होती, आणि एखादं पडलंच तर ते का पडलं हे शोधण्याचं कामही माझंच.

मी कुंडलिक, मूळचा भोंगवलीचा. पुण्यात शिकलो, रेल्वेच्या कारखान्यात हात काळे केले, तिथून विमानांकडं वळलो आणि पुढं उडवायलाही शिकलो. पडलेल्या विमानात मला कधी काही गूढ दिसलं नाही. एकानं पेट्रोलची तोटी अर्धीच उघडली होती. एकानं झाडाला पंख घासला. बाकीच्यांनी एकच चूक केली होती: जमिनीजवळ, कमी वेगात, खाली काहीतरी बघायला वळण घेतलं. या जातीचा तो एकच दोष. वेग उतरला की एका बाजूचे पंख अचानक खचतात, विमान गिरकी घेतं आणि सावरायला खाली हवा उरत नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगत असे.

मानसिंगलाही सांगितलं होतं. भोरच्या एका सरदार घराण्यातला तो मुलगा, माझ्या हाताखाली तयार झालेल्यांत सगळ्यात सावध. छत्तीस सालच्या दिवाळीनंतर तो भाटघरचं धरण वरून बघायला म्हणून निघाला आणि परतला नाही. धरणाच्या पाण्याच्या वर, वेल्ह्याकडं जाणाऱ्या डोंगरधारेवर एक सडा आहे. सडा म्हणजे माथ्यावरचं उघडं खडकाळ पठार. तिथं त्याचं विमान सापडलं.

तीन वर्षांपूर्वी याच सड्यावर क्लबाचं एक विमान पडलं होतं. तेव्हा वैमानिकाची मान जागच्या जागी मोडली होती. त्याच दिवशी खालच्या धनगरवाडीतला भीमा नावाचा माणूस नाहीसा झाला, असं कानावर आलं होतं. त्याचा विमानाशी संबंध असेल, असं मला वाटलं नाही.

मी भोरचे डॉक्टर आणि संस्थानचा फौजदार यांच्याबरोबर वर चढलो. ऊन चांगलं तापलं होतं. गवत वाळून पिवळं झालेलं, खडकावर पाऊल ठेवलं की चपलेतून चटका लागत होता. विमान नाकावर उभं होतं. सांगाडा मोडून मागच्या आसनावरच्या मानसिंगचे पाय फळ्यांखाली चेमटले होते. नखं उलटली होती. आसनाच्या कडेचं कापड त्यानं ओरबाडून ओरबाडून फाडलं होतं.

डॉक्टरांनी त्याचे ओठ बघितले, पापण्या उचलून बघितल्या. "लगेच नाही गेला हा," ते म्हणाले. "पाण्यावाचून गेलाय. दीड-दोन दिवस तरी जिवंत होता."

सड्याच्या कडेला उभं राहिलं की खाली वाडीतली कुडाची घरं दिसत होती. कोंबडं आरवलेलंही ऐकू येत होतं.

फौजदारानं वाडीतल्या म्हाताऱ्याला, रखमाजीला, वर बोलावलं. त्याच्याबरोबर त्याची सून बनाबाई आणि त्याचा धाकटा मुलगा, तिचा दीर सोनबा आला. नाहीसा झालेला भीमा याच बनाबाईचा नवरा.

"हाक ऐकू आली नाही?" मी विचारलं.

"आली की," रखमाजी म्हणाला.

"मग?"

म्हाताऱ्याऐवजी बनाबाई बोलली. "दादा, मागल्या बारीलाबी आली व्हती. कुणी हाय का, म्या जित्ता हाय, अशी. आमच्या मालकांनी ओ दिली आन् वर आले. त्ये काय माघारी आले न्हाईत. आमी मागनं गेलो तर इमानातला माणूस कवाचा गार पडल्याला. मंग हाक कुणी मारली?"

"मानसिंग जिवंत होता, बाई."

"आमाला कसं कळावं? ह्याची हाक तर इमान पडायच्या आदल्या दिशीच सुरू झाली व्हती."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. ज्या पोराला मी शिकवलं, तो या लोकांच्या कानावर दोन दिवस ओरडत होता आणि हे भाकऱ्या थापत बसले होते. मी तिला म्हणालो, "तुम्ही मारलंत त्याला. सगळ्यांनी मिळून मारलंत."

फौजदारानं रखमाजीचं पागोटं उडवलं आणि त्याला अनवाणी त्या तापल्या खडकावर कान धरून उभं केलं. म्हातारा कोसळेपर्यंत उभं ठेवलं. सोनबा मधे पडायला गेला तर शिपायानं त्याच्या पाठीत बंदुकीचा दस्ता घातला. फौजदार म्हणाला, "इथून पुढं हाक आली आणि कुणी वर आलं नाही, तर वाडी पेटवून देईन." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रखमाजी त्यानंतर अंथरुणातून उठला नाही, होळीच्या सुमाराला गेला, असं पुढं कळलं.

मानसिंगचं विमान सुटं करून आम्ही खाली आणलं. त्यात बिघाड नव्हता. क्लबात मात्र ही जातच खोटी आहे, विमानं मोडीत काढा, अशी कुरबूर सुरू झाली. माझं मत वेगळं होतं. डोंगरधारेवरून येणारा वारा सड्यामागं खाली कोसळत असणार आणि विमानाला दाबत असणार. पुरेशी उंची आणि वेग राखला तर धोका नाही, हे मी स्वतः उडून दाखवणार होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी किकवीजवळच्या माळावरून उडालो. एकटाच. एकट्यानं उडताना मागच्या आसनावर बसतात, आणि पुढच्या रिकाम्या आसनाचे पट्टे आवळून बांधतात, म्हणजे ते हलून विमान वळवायच्या दांड्यात अडकत नाहीत. ते मी माझ्या हातानं बांधले. माळावर गावातली माणसं जमली होती, त्यांना हात केला.

हवा स्वच्छ होती. भाटघरचं पाणी आटून काठाचा तांबडा पट्टा उघडा पडला होता. मी भरपूर उंचीवरून सडा ओलांडला. वारा मला वाटला होता तसाच होता, थोडा खाली ओढणारा. पण विमानानं तो सहज पेलला. दुसऱ्यांदा ओलांडला, तरी काही नाही. मी खूष झालो होतो.

तिसऱ्यांदा येताना हाक ऐकू आली.

इंजिन चालू असताना शेजारी ओरडणाऱ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. ही हाक आली. मी खाली बघितलं. सड्यावर एक विमान नाकावर पडलेलं होतं. आमच्याच जातीचं. मागच्या आसनातून एक हात वर हलत होता.

क्लबाचं दुसरं कुठलंही विमान त्या दिवशी हवेत नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी खाली आलो. माणूस कोण आहे ते दिसावं म्हणून इंजिन मंद केलं आणि वळण घेतलं. ज्याबद्दल मी इतक्या जणांना बजावलं होतं, ते हेच वळण.

डावे पंख खचले. सडा गरकन फिरला.

शुद्धीवर आलो तेव्हा इंजिन अजून तापलेलं होतं आणि निवताना तडतडत होतं. उजवा पाय गुडघ्याखाली चेमटला होता. डावा हात फळ्यांमध्ये अडकला होता, उजवा खांद्यापासून उचलत नव्हता. पेट्रोलचा वास येत होता. मी वरून बघितलेलं विमान कुठंच नव्हतं. सगळा सडा रिकामा होता.

मी हाका मारायला लागलो. "कुणी आहे का? मी जिवंत आहे!"

बनाबाई लवकरच आली. एकटी. थोडं अंतर राखून उभी राहिली.

"बाई, मी कुंडलिक. भोंगवलीचा. माणसं बोलवा, मला बाहेर काढा."

"कवापासनं हाका मारताय?"

"आत्ताच तर पडलो."

"न्हाई," ती म्हणाली. "काल दुपारपासनं मारताय. ह्योच आवाज. फौजदारानं वाडी जाळू नये म्हून आमचा सोनबा सकाळच्यानं वर आलाय. कुठाय त्यो?"

मी मान हलवली. मला माहीत नव्हतं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या पुढं बघत होती.

पुढच्या आसनात कुणीतरी बसलं होतं.

खांद्यावर घोंगडी होती. डोकं एका बाजूला कललं होतं. मी बांधलेले पट्टे तसेच बांधलेले होते, त्याच्या छातीवरून. बनाबाई जवळ आली, तिनं त्याचा हात धरून बघितला. हात वाकला नाही. लाकडासारखा ताठ झाला होता.

इंजिन अजून तडतडत होतं.

"बाई, मी एकटा उडालो होतो," मी म्हणालो. "किकवीच्या लोकांना विचारा. पुढं कुणी नव्हतं."

तिनं सोनबाच्या तोंडावरची माशी हाकलली. रडली नाही. "नवरा गेला," ती म्हणाली. "सासरा तुमी खडकावर उबा केला. आता ह्यो."

"मला पाणी तरी द्या."

"तुमी जित्तं असाल. नसाल बी. मला कळत न्हाई." तिनं लुगड्याचा पदर दातात धरून टर्रकन फाडला. "वाडीत अजून दोन बापेमाणसं हायेत. त्यास्नी तुमची हाक ऐकू येऊ द्यायची न्हाई."

मी ओरडलो. तिनं कापडाचा बोळा माझ्या तोंडात कोंबला आणि वरून पट्टी आवळून बांधली. वासराला मुसकं बांधावं तशी, नीट, दोन गाठी मारून. मला हात हलवता येत नव्हते. मग ती सोनबाच्या घोंगडीला हात लावून, तो कपाळाला नेऊन उतरणीकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी क्लबाची माणसं आली. पुण्यात पाय कापावा लागला. हे सगळं नंतरचं.

बनाबाईचं डोकं सड्याच्या कडेखाली दिसेनासं झालं, तेव्हा ऊन अजून लख्ख होतं. गवतसुद्धा हलत नव्हतं.

"कुणी आहे का?"

आवाज माझाच होता. मोकळा, खणखणीत. माझ्यापासून हातभर अंतरावरून, पुढून आला.

"मी जिवंत आहे!"

मी बोळा जिभेनं ढकलत राहिलो. घशातून नुसती घरघर निघाली.

खालून, वाडीकडून, एका बाप्याची ओ आली. "आलो, सायेब! आलो!"

पुढच्या आसनात पट्ट्याची कडी सुटल्याचा बारीकसा आवाज झाला.