वसाहतीचा गॅस कुणी विझवला?

"चोर सापडलाच पाहिजे!" बलभीम ओरडला आणि त्यानं लगेच जीभ चावली. कारण गावानं चोर ठरवलेल्या बाईची मुलगी, त्याच्याच वर्गातली कौशी, समोरच बसली होती.

गोष्ट अशी झाली होती. तेरणेकाठचं ते छोटंसं शहर, आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष. तरी नगरपालिकेनं एक झकास काम केलं होतं. गावाबाहेर उकिरड्यापाशी गरिबांसाठी वीस खोल्यांची चाळ बांधली, आणि चाळीचे संडास, गावातलं शेण, सगळं एका मोठ्या टाकीत सोडलं. त्या टाकीतला गॅस नळीनं वीसही घरांत जायचा आणि शेगड्या फुकट पेटायच्या! लांबलांबून माणसं बघायला यायची. पण गुढीपाडव्यापासून ज्योत बारीक होत गेली, आणि ऐन मे महिन्यात ती पार विझली.

पंधरा दिवसांनी औरंगाबादहून साहेब येणार होते. गॅस पेटलेला दिसला तर आणखी वीस खोल्या मंजूर! त्यातली सातवी खोली कौशीच्या आईला, मुक्ताबाईंना, मिळणार होती. तोवर मायलेकी उकिरड्याच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहत होत्या. मुक्ताबाई रोज हातगाडा ढकलत गावभर शेण गोळा करायच्या आणि टाकीत टाकायच्या. म्हणूनच आळ त्यांच्यावर आला.

"शेण जातंय कुठं? गोवऱ्या थापून इकती ही बाई!" मुकादम हणमंतप्पा चारचौघांत म्हणाले होते.

"माजी माय चोर न्हाय," कौशी म्हणाली.

"आमाला काय सांगतीस? गावाला दाखवू!" शांतलिंग म्हणाला. याच्या वडलांची पिठाची गिरणी होती, त्यामुळं त्याच्या भुवया बारा महिने पांढऱ्या.

तीन दिवस तिघं हातगाड्यामागं फिरले. भर उन्हात, पायांना चटके बसत असताना! शेणाचा एक पोसुद्धा दुसरीकडं गेला नाही.

"शेण तर समदं टाकीत पडतंय," बलभीम घाम पुसत म्हणाला. "मग गॅस का न्हाय?"

"शेणासंगं आनखी काय पडतंय, ते कुनी बघितलंय का?" कौशीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं संडासामागं दबा धरून बसले. हणमंतप्पा गुणगुणत आले आणि पिंपातलं पांढरंफेक पाणी बादली बादलीनं संडासांत ओतू लागले. असला उग्र वास, की शांतलिंगाला शिंका आवरेनात!

"फिनेल!" बलभीम पुटपुटला. "अरे, शेणातलं जंतू गॅस तयार करत्यात. सरांनी शिकवलंय की! आन् फिनेलनं जंतू मरत्यात!"

पाडव्याला नगराध्यक्ष तात्यारावांनी वासावरून झापलं होतं. तेव्हापासून बिचारे हणमंतप्पा इमानेइतबारे दोन वेळा फिनेल ओतत होते.

पण नुसतं बोलून कोण ऐकणार? पोरांनी दवाखान्यातून सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. दोन्हींत शेणकाला भरला, एकीत फिनेल घातलं आणि तोंडांवर फुगे बांधले. पाचव्या दिवशी एक फुगा ताठ उभा राहिला. फिनेलवाला मात्र चिंधीसारखा लोंबत होता. बाटल्या घेऊन तिघं धावतच हणमंतप्पांकडं गेले.

"काका, बघा की! तुमच्या फिनेलनंच गॅस मेला!"

"चला, निघा! सायबाला घाण वास आला तर माजी नोकरी जाईल, तुमची न्हाय!"

झालं! सरळ सांगून भागेना, तेव्हा पोरांनी वाकडी वाट धरली. हणमंतप्पा पिंपात फिनेल कालवून ठेवत आणि दुपारी लिंबाखाली घोरत पडत. तेवढ्यात पोरं पिंप लांब मुरमाड माळावर रिकामं करायची आणि गिरणीत झाडून काढलेलं पीठ पाण्यात कालवून भरून ठेवायची. वासापुरती फिनेलमध्ये भिजवलेली चिंधी त्यांनी बादलीच्या कडीला बांधली होती.

"आजकाल फिनेल लई झ्याक येतंय! कसं दाट हाय!" हणमंतप्पा खूश होऊन म्हणाले. भिंतीमागं पोरांनी हसू दाबायला शर्ट तोंडात कोंबले. कितीतरी दिवसांनी कौशी हसली होती.

शनिवार उजाडला. जीपमधून साहेब उतरले. पहिल्या खोलीत काडी ओढली आणि बोटभर निळी ज्योत उठली! टाळ्या वाजल्या. पण त्या थांबायच्या आतच ज्योत फुरफुरली आणि विझली. साहेबांनी दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खोलीत काडी ओढली. काही नाही.

"सायेब, आनखी आठ दिस थांबा!" कौशी गर्दीतून घुसली. तिनं बाटल्या दाखवल्या, फिनेल सांगितलं, पीठही सांगितलं. हणमंतप्पांचा चेहरा पडला. साहेबांनी गुडघ्यांवर बसून सगळं ऐकलं.

"तुझं खरं आहे पोरी. हुशार आहेस."

"मग खोल्या व्हत्याल ना?"

"मला आज जे पेटलं तेवढंच लिहिता येतं, बेटा," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडं न बघता कागदावर सही केली. त्याच आठवड्यात नव्या खोल्यांचं सिमेंट ट्रकमध्ये भरून दुसऱ्या तालुक्यात गेलं.

अकराव्या दिवशी वीसच्या वीस शेगड्या भडाभडा पेटल्या. नगरपालिकेत सभा झाली. हणमंतप्पांनी सगळ्यांसमोर मुक्ताबाईंना हात जोडले. "बाई, म्या चुकलो." तात्याराव म्हणाले, "या तीन पोरांनी शहराची लाज राखली! बोल कौशे, काय पाहिजे तुला?"

"सातवी खोली."

कुणीतरी खोकलं. "बघू, फुडच्या साली बघू," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातात पेन दिलं.

गॅस आता इतका छान चालला, की टाकीसाठी उकिरड्याला कुंपण घालायचं ठरलं. कुंपणाच्या आत आलेली खोपटी आठ दिवसांत हलवायची नोटीस निघाली. नोटीस द्यायला हणमंतप्पाच आले. त्यांनी ती मुक्ताबाईंच्या दाराच्या पत्र्यात खोचली आणि ते निघून गेले.

एसटी स्टँडवर बलभीमनं मायलेकींची पत्र्याची पेटी टपावर चढवली, शांतलिंगानं भांड्यांचं गाठोडं. कंडक्टर आत आला. "कुठलं तिकीट, बाई?"

मुक्ताबाईंनी कौशीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "खडी फोडायचं काम जितं चाललंय, तितलं दोन दे बाबा."