क्रॉयडनची त्रेचाळीस मतं

"आज भारताच्या इतिहासातल्या दहा थोर व्यक्तींचा क्रम कायमचा ठरेल," मराठी मंडळाचे अध्यक्ष सुभाषकाका माइकवर म्हणाले. मग कुणीतरी माइक चालू केला आणि त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

२००३च्या उन्हाळी सुट्टीतला रविवार. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या एका शाळेचा हॉल. टीव्हीवर ब्रिटिशांनी आपले थोर लोक मतं घेऊन निवडले होते. मग मंडळ मागे कसं राहणार?

टेबलावर निकालाचा कागद पालथा ठेवला होता, म्हणून तेरा वर्षांच्या तनूने तो वाचला. ग्लासगो: एकोणीस मतं. क्रॉयडन: शून्य.

तिच्या मागे तिचे शशिधरआजोबा उभे होते. दुखऱ्या गुडघ्याने, ट्रामने घरोघर जाऊन क्रॉयडनच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या त्यांनीच जमवल्या होत्या. बहुतेकांवर एकच नाव: बाबासाहेब. कागदावर बाबासाहेब नववे होते.

आजोबांनी चष्मा पुसला. "कोट आण, तनू. आपली माणसं मोजायची राहतात, हे काही नवं नाही. मी इथे पुन्हा येणार नाही."

"चिठ्ठ्या दिल्या कुणाला?"

"मंडळाचा स्वयंपाक बघतात त्या कांताबाईंना. भिजू नयेत म्हणून आईस्क्रीमच्या डब्यात घालून."

तनूने सुभाषकाकांच्या मुलांना, वीरला आणि मायराला, गाठून सगळं सांगितलं.

"बाबांनी मुद्दाम नाही केलं," वीर म्हणाला. "पण कांताआजीला कुणी आईस्क्रीमचा डबा दिला, तर ती काय करेल?"

तिघांपैकी कुणाच्याही घरी आईस्क्रीमच्या डब्यात कधी आईस्क्रीम निघालं नव्हतं.

"फ्रीझर," मायरा म्हणाली.

"पण बाबा आत्ताच रिझल्ट सांगतील."

"मग त्यांना विचार, मंडळ सुरू कसं झालं."

वीरने हात वर करून विचारलं. सुभाषकाकांनी पाण्याचा घोट घेतला. चाळीस मिनिटं मिळाली.

कांताबाई शाळेच्या किचनमध्ये पुऱ्या तळत होत्या. त्यांचं घर समोरच होतं. "गराजची चावी घ्या. वड्यांना हात लावू नका," त्या म्हणाल्या.

फ्रीझरमध्ये अकरा डबे. व्हॅनिलात मटकी निघाली, स्ट्रॉबेरीत आमटी. नवव्या डब्यात गोठलेल्या चिठ्ठ्यांची वीट.

"मायक्रोवेव्ह करू?"

"मतं आहेत ती, वीर. समोसे नाहीत."

सुभाषकाकांच्या गाडीचं बॉनेट उन्हाने तापलं होतं. त्यावर वीट ठेवून तनूने एकेक चिठ्ठी न फाडता सोडवली. त्रेचाळीस. तिने दोनदा मोजल्या.

सुभाषकाका १९७८पर्यंत पोहोचले होते. तनूने ओला गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. "काका, हे क्रॉयडन."

सुभाषकाकांनी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, छापलेला निकाल फाडला आणि नवा लिहिला. बाबासाहेब दुसरे.

"मुलांनी मंडळाची लाज राखली," ते म्हणाले आणि खाली उतरून आजोबांपुढे हात जोडून उभे राहिले. "शशिधरराव, चूक आमची."

आजोबा कोट घालून दाराशी तनूची वाट बघत थांबले होते. त्यांनी कोट काढला. "पहिले की दुसरे, ते राहू दे. मोजलंत, पुरे."

कांताबाई पिठाच्या हातांनी पुढे आल्या. "मला वाटलं, मोदकांचं सारण दिलंत. गणपतीला काढणार होते. भाऊ, रागावलात?"

"नाही," आजोबा म्हणाले. "फक्त डबा परत द्या. झाकणासकट. सून विचारते."