चौथ्या गणितातला इल्पो

कल्पना करा हं, मुलांनो — तुमच्या बाईंचा घसा पार बसलाय. तोंड उघडलं की नुसती हवा! आणि आजच अपूर्णांकांची चाचणी आहे.

फिनलंडमधल्या आमच्या तळ्याकाठच्या शाळेत सहावीला गणित शिकवणाऱ्या सायलाचं त्या सकाळी असंच झालं. आमच्याकडे चाचणीआधी सगळी गणितं मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून सुतारकाम शिकवणारा इल्पो मदतीला आला. (इथे मुलं शिक्षकांनाही नावानेच हाक मारतात.) केसांत भुसा, पायांत जाड लोकरीचे मोजे.

"मी... वाचू?"

सायलाने मान डोलावली. गाल गुलाबी झाले. वर्षभर ती त्याच्याशी एकच वाक्य बोलत आली होती — "कॉफी संपली वाटतं." त्याचंही उत्तर ठरलेलं — "हो... संपली."

आदल्या संध्याकाळी तिने चॅटबॉटला मनातलं सगळं सांगून विचारलं होतं, इल्पोला होडीतून फिरायला कसं बोलवू? त्याचा सल्ला वाचून ती इतकी लाजली, की तिथेच खाली लिहिलं, 'जाऊ दे. सहावीसाठी अपूर्णांकांची गणितं दे.' चॅटबॉटने मात्र आधीचं काहीच जाऊ दिलं नव्हतं. सायलाने वरची गणितं पाहिली — पाव, सफरचंदं, ठीक आहे — आणि कागद छापून टाकले.

इल्पो वाचत गेला. पाव झाले, सफरचंदं झाली...

"गणित चौथं. सायलाला सुतारकाम शिकवणारा इल्पो फार..."

तो थांबला. सायला ताडकन उठली, दोन्ही हात हलवत ओरडली — फुस्स!

"वाच ना, इल्पो! मार्क आहेत त्याला!" मुलं ओरडली.

"...फार आवडतो. त्याचे कान लाल झाले की... तिला गंमत वाटते."

सगळा वर्ग कान बघायला पुढे झुकला. लाल होतेच.

"इल्पो हो म्हणाला, तर दोघं होडीने तळं पार करतील. एक तृतीयांश पल्ला सायला वल्हवेल. तर इल्पोने किती वल्हवायचं?"

सायलाने ओंजळीत तोंड लपवलं. आता शाळा बदलायची, दुसरं काय!

पहिल्या बाकावरच्या हिल्लाने हात वर केला. "गणित अपुरं आहे. इल्पो, तू हो म्हणालास का?"

"चाचणीत उत्तरं सांगायची नसतात, हिल्ला."

"हे उत्तर कुठंय? ही तर दिलेली माहिती!"

इल्पोने कागद खाली ठेवला. सायलाकडे पाहिलं... बोटांच्या फटीतून तीही पाहत होती.

"हो," तो म्हणाला. "केव्हाचाच हो. पण... कधी जायचं?"

सायलाला बोलता येईना. तिने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं — शनिवारी.

बाकं दणाणली. "शांत बसा, चाचणी चालू आहे!" इल्पो हसत ओरडला.

हिल्ला मात्र केव्हाच कामाला लागली होती. तिने उत्तर लिहिलं — दोन तृतीयांश. मग जरा विचार करून खाली भर घातली — परत येताना उलट.