वासूरभाऊंचं हसू

दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून परसात पालथी पडली, की मी ओसरीवर खुर्ची टाकायचे. समोर बाजेवर संघपाल, उजव्या हाताखाली उशी घेऊन. माझ्या पाठीमागे माजघराचं दार. आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापासून जवळच, वैनगंगेच्या अलीकडे. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर तणसाचा वास थेट घरात यायचा.

संघपाल माझा नवरा. झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करायचा. त्याने स्टेजवर येऊन नुसतं धोतर सावरलं तरी माणसं हसायला लागायची. पावसाळ्यात त्याला झटका आला. हातपाय बऱ्यापैकी परत आले, वाचा मात्र गेली. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "त्यांच्याशी बोलत राहा. काहीतरी वाचून दाखवा. ऐकणं थांबायला नको." मी नागपूरच्या कॉलेजात फ्रेंच शिकवायचे. लांबलचक रजा टाकली आणि त्याच्या गावी येऊन राहिले.

येताना कपड्यांबरोबर एत्येन व्हासोरच्या कादंबऱ्या आणल्या. व्हासोर गेल्या शतकातला. त्याच्या प्रांतातले महापौर, पाद्री, जमीनदार, सगळ्यांची त्याने इतकी टर उडवली की त्याच्या अंत्ययात्रेला गावातला एकही प्रतिष्ठित माणूस गेला नाही म्हणतात. मी उमेदीची सगळी वर्षं त्याच्यावर घालवली होती. समोर फ्रेंच पुस्तक धरायचं, मनात वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगत जायचं, असा आमचा क्रम सुरू झाला.

शेजारची कांता लाखोळीची डाळ निवडायला आमच्याच ओसरीवर येऊन बसू लागली. तिला व्हासोर म्हणता येईना.

"वहिनी, वासूरभाऊचं पुढं सांगा ना," ती म्हणायची. मग आम्हीही वासूरभाऊच म्हणायला लागलो.

पहिल्यांदा ते हसू आलं तेव्हा मी महापौराच्या पुलाचं प्रकरण सांगत होते. नदी नसलेल्या गावात महापौर पूल बांधतो आणि उद्घाटनाच्या दिवशी खालून पाणी सोडायला पाणक्यांना उभं करतो. मागून कुणीतरी हसलं. पुरुषाचं हसू. आधी नाकातून, दबलेलं, मग शेवटी बारीक खोकला.

"मामंजी उठले वाटतं," मी म्हणाले. वामनराव म्हणजे संघपालचे थोरले काका. आमच्याच घरी असतात. त्यांना ऐकू येत नाही. दारातून ट्रॅक्टर गेला तरी मान वळत नाही.

"थे तं अंगनात झोपले हायेत," कांता म्हणाली. "मले वाटलं, भाऊच हासले."

संघपाल हसला नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

मी आत जाऊन आले. माजघरात धान भरलेले कट्टे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खुंटीवर संघपालचा नाटकातला कोट. दुसरं काही नाही. जुन्या कौलारू घरात आवाज कुठून कुठे जातो, सांगता येत नाही. मी तेवढ्यावर सोडून दिलं.

पण ते रोज येऊ लागलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्या आधी येतं. मी वाक्य मराठीत म्हणायच्या आधी. माझी नजर फ्रेंच ओळीवरून फिरली की लगेच.

मी भोळीभाबडी बाई नाही. दुसऱ्या दिवशी मी काही न बोलता नुसतं मनात वाचत बसले. गमतीची जागा आली आणि मागून हसू आलं. मग मी कॉलेजातलं व्याकरणाचं पुस्तक उघडलं. सगळं शांत. परसात कोंबड्या चिरकत होत्या तेवढ्याच. पुन्हा व्हासोर उघडला. पुन्हा हसू.

अंगणातून वामनरावांचा आवाज आला.

"काऊन व माधवी, कोन हासून राह्यला घरात?"

मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि जोरात विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं, मामंजी?"

त्यांनी नेहमीसारखा कानामागे हात धरला. मी काय विचारलं ते त्यांना कळलंच नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, असं मी म्हणणार नाही. पण घर सोडून जावंसं एकदाही वाटलं नाही, कारण संघपाल बदलत होता. आधी तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. आता जेवण झालं की स्वतःच उठून बसायचा आणि डोळ्यांनी पुस्तक दाखवायचा. मागून हसू आलं की त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलायचा. कांता म्हणाली, "कोनी का असंना वहिनी, भाऊले सोबत झाली." त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर वासूरभाऊंसाठीही चहाचा कप मांडायला लागली. मी तिला अडवलं नाही.

मग महापौराच्या मरणाचं प्रकरण आलं.

गावातली बडी मंडळी जमली आहेत. महापौराचा म्हातारा नोकर उभा राहून बोलतो, "साहेब फार कोमल मनाचे. माझी भूक त्यांना कधी बघवली नाही. जेवताना ते दार लावून घेत." हा उतारा मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला होता. जड आवाजात. इमानी नोकराचा शोक म्हणून. तसाच वाचला.

मागून हसण्याचा असा फवारा उडाला की कांताच्या हातातलं सूप खाली पडलं.

मी ओळी पुन्हा बघितल्या. माझे कान गरम झाले. नोकर रडत नव्हताच. भर सभेत, मालकाच्या प्रेतासमोर, सगळ्या बड्या लोकांच्या तोंडावर तो त्यांची चेष्टा करत होता, आणि ते रुमालाने डोळे पुसत होते. माझ्यासारखेच. मी ज्याच्यावर प्रबंध लिहिला तो लेखक मला त्या दुपारी, त्या ओसरीवर कळला. हात जोडावेसे वाटले. कुणाकडे बघून जोडायचे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण पुन्हा घेतलं. या वेळी हलक्या आवाजात, संघपाल स्टेजवर बोलायचा तसं, चेहरा कोरा ठेवून.

"साहेब फार कोमल मनाचे. माझी भूक त्यांना कधी बघवली नाही. जेवताना ते दार लावून घेत."

मागे शांत होतं. मी चष्मा वर सरकवायला थांबले.

"ताटाचा आवाज मातर बाहीर येत जाय."

खरखरीत, जड जिभेचा आवाज. संघपालचा.

मी पुस्तकात बघितलं. पुढची ओळ तीच होती.

संघपालला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. हे पुस्तक मी त्याला आधी कधी सांगितलं नव्हतं आणि आदल्या दिवशी मी या ओळीच्या अलीकडेच थांबले होते. नटाला पुढचं वाक्य आपोआप सुचतं, असं मी नंतर अनेकांना समजावलं. त्या वेळी मात्र मी पुस्तक टाकून त्याच्या पायांशी बसले होते. कांता अंगणात ओरडत धावली, "मामाजी, भाऊ बोलले! भाऊ बोलले!" वामनरावांना काही ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड बघून ते काठी न घेताच आत आले आणि पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागले.

त्यानंतर घरातलं हसू बंद झालं. संघपालची जीभ हळूहळू सुटत गेली. उन्हाळ्यात गावच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्याने एक छोटं काम केलं. बोलताना तो मध्येच अडला आणि लोकांना वाटलं ते मुद्दामच. सगळा मांडव हसला. मी बायकांमध्ये बसून पदराने डोळे पुसत होते आणि मनातल्या मनात, फ्रेंचमध्ये, कुणाचे तरी आभार मानत होते.

माझी रजा संपत आली. नागपूरला जायच्या आधी एका दुपारी आम्ही दोघंच ओसरीवर होतो. मी धीर करून विचारलं.

"तू आजारी होतास तेव्हा माजघरात कोण हसायचं?"

"माजघरात?" संघपाल म्हणाला. "माजघरात कोनी नसे."

"मग तू सारखा दाराकडे बघायचास ते?"

"दाराकडं नाई पाहो मी. थो तुया मांगं उभा राहे ना. वाकून. तुया खांद्यावरून पुस्तकात पाहून राहे."

आवाजात काहीच नव्हतं. शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं तो बोलला.

मी मागे वळले नाही. समोर बघतच म्हणाले, "बरं झालं. त्याच्यामुळे तू मिळालास. आता गेला ना तो?"

संघपाल माझ्या खांद्यावरून वर बघत राहिला.

"तू वाचत नाईस मनून गप हाय."

मी आत जाऊन व्हासोरची शेवटची कादंबरी घेऊन आले. ही मी अजून कुणालाच सांगितली नव्हती. खुर्ची तिथेच होती. पहिलं पान मी मराठीत सांगितलं, चांगलं सांगितलं. संघपाल दोनदा हसला. मागे काहीच आवाज नव्हता. मग मी पान उलटायला बोट लावलं.

"थांब," संघपाल हळूच म्हणाला. "त्याचं झालं नाई अजून."

मी पान तसंच धरून ठेवलं.